सर्चमध्ये ‘सोऱ्या’ टाकला की ‘काहीही सापडले नाही’: दर दिवाळीला उलटणारं दुखणं आणि त्यावरचा उपाय

दर वर्षी नवरात्र संपलं की मला पुण्याच्या रविवार पेठेतून फोन येतो. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळाचं काम मी बघते. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. ते सांगतात, “अगं, त्या सर्चला परत सोऱ्या सापडेना. गिऱ्हाईक फोन करून विचारतंय, तुम्ही सोऱ्या ठेवत नाही का म्हणून. इथे माझ्या डोक्यावर डझनभर टांगलेत.”

पहिल्या वर्षी मी त्या वस्तूच्या टॅगमध्ये ‘सोऱ्या’ हा शब्द पुन्हा एकदा टाइप करून ठेवला. माझ्या लॅपटॉपवर लगेच सापडायला लागला, म्हणून मी निर्धास्त झाले. दुसऱ्या वर्षी पितळी सोऱ्या नवीन आला, त्याला टॅग नव्हता, पुन्हा फोन. तिसऱ्या वर्षी मात्र ठरवलं की आता टॅग लावायचा नाही, मुळाशी जायचं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. हे दुखणं भांड्यांच्या दुकानापुरतं नाही. ग्रंथालयाची यादी असो, किराणा असो की एखाद्या संस्थेचं माहितीपान असो, मराठी मजकूर आणि सर्च एकत्र आले की ते कधी ना कधी डोकं वर काढतंच.

आधी एक छोटी चाचणी

काहीही बदलण्याआधी हे करून बघा. जी वस्तू सापडत नाही तिच्या पानावर जा, शीर्षकातला शब्द तिथूनच कॉपी करा आणि सर्चमध्ये चिकटवा.

चिकटवलेला शब्द सापडला आणि टाइप केलेला सापडला नाही, तर तुमच्याकडे एकाच शब्दाची दोन लेखनं फिरताहेत. डोळ्यांना ती एकच दिसतात, संगणकाला वेगळी. चिकटवलेलाही सापडला नाही, तर गोष्ट आणखी पुढची आहे. सर्चच्या खिडकीतून डेटाबेसपर्यंत जाताना वाटेत कुणीतरी त्या शब्दातलं काहीतरी काढून टाकतंय.

माझ्याकडे दुसरा प्रकार निघाला. शब्द त्याच्या स्वतःच्या पानावरून उचलला होता आणि तरी त्याला स्वतःचं पान सापडत नव्हतं. हे पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की टॅग लावून हे कधीच सुटणार नव्हतं.

‘सोऱ्या’ किती प्रकारे लिहिता येतो

पुढची पायरी म्हणजे शब्दाचे तुकडे करून प्रत्येक वर्णाचा युनिकोड क्रमांक बघणं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला एक क्रमांक देणारं प्रमाण. हे क्रमांक सोळाच्या पद्धतीत असतात. इथे ते देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे ‘०९४डी’ मधला ‘डी’ हा त्या पद्धतीतला तेरा.

आमच्या डेटाबेसमध्ये आणि सर्चच्या नोंदींमध्ये मिळून मला चार सोऱ्या सापडले. पहिला ‘सोऱ्या’, ज्यात ०९३१ क्रमांकाचा ऱ आहे, मग हलन्त म्हणजे पाय मोडणारं चिन्ह, मग य. दुसरा ‘सोर्‍या’, ज्यात साधा र म्हणजे ०९३०, मग हलन्त ०९४डी, मग २००डी हा न दिसणारा जोडक, मग य. तिसऱ्यात साधा र आणि त्याला खाली नुक्ता म्हणजे टिंब, ०९३सी. तोही पडद्यावर पहिल्यासारखाच दिसतो. चौथा ‘सोर्या’, साधा र, हलन्त, य, आणि जोडक नाही. तो सूर्यातल्या र्यासारखा रफार घेऊन दिसतो. मोबाइलवर घाईत लिहिणारे पुष्कळ जण असंच लिहितात.

इथे एक इशारा देते. दोन शब्दांची लांबी मोजून तुलना करायचा मोह होतो, तो करू नका. पहिला आणि चौथा दोन्ही सहा वर्णांचे आहेत, दुसरा आणि तिसरा दोन्ही सात वर्णांचे. लांबी जुळते आणि शब्द वेगळा असतो. क्रमांकच बघावे लागतात.

हे असं का झालं याला इतिहास आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ नावाचं प्रमाण ठरलं, त्यात आपला अर्धचंद्रासारखा र हा ‘ऱ अधिक हलन्त’ असा धरला होता. युनिकोडने तीच रीत घेतली. पण १९९६ सालच्या युनिकोडच्या २.० आवृत्तीत ‘र, हलन्त, जोडक’ असा मार्ग होता, आणि तेव्हाचा मजकूर बिघडू नये म्हणून नंतरच्या आवृत्त्यांनी तोही चालू ठेवला. दोन्ही लेखनं अधिकृत आहेत, चूक कुणाचीच नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की सरळ ऱ येतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या याद्यांमध्ये मात्र मला बहुतेक ठिकाणी जोडकवालं रूपच दिसलं. काकांची दरपत्रकं वर्षानुवर्षं एका जुन्या फॉन्टमध्ये होती. दिवाळीचा नवा माल आला की त्याच जुन्या पत्रकातली ओळ नकलून नवी वस्तू भरली जायची, आणि जोडकही तिच्याबरोबर यायचा. दर दिवाळीला दुखणं का उलटतं, याचं उत्तर एवढंच होतं.

सोऱ्या हे फक्त हंगामामुळे डोळ्यावर आलेलं उदाहरण. सुऱ्या, लग्नातला कऱ्हा, आचाऱ्यांची मोठी पातेली, सगळ्यांची हीच गत होती. कुणी फोन केला नव्हता, म्हणून कळलं नव्हतं.

वाटेत काढून टाकणारा कोण?

सर्चच्या खिडकीत आलेला मजकूर तसाच्या तसा पुढे पाठवू नये, त्यातली नको ती चिन्हं काढावीत, हे बरोबरच आहे. पण बहुतेक तयार फिल्टर इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेले असतात, आणि मराठीचं नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि अंक सोडून बाकी सगळं पुसणारा फिल्टर. त्यात मराठी शब्द पूर्णच नाहीसा होतो आणि सर्चला रिकामा प्रश्न जातो. हा निदान लगेच लक्षात येतो. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतलं ‘शब्दवर्ण’ दाखवणारं बॅकस्लॅश-डब्ल्यू हे देवनागरीला वर्ण मानतच नाही, हेही इथेच ध्यानात ठेवा.

त्याहून फसवा प्रकार असा. कुणीतरी काळजीने युनिकोडचे वर्ग वापरतो आणि ‘फक्त अक्षरं ठेवा’ असं लिहितो. युनिकोडच्या हिशोबात अक्षर म्हणजे एल वर्ग. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे एम वर्गात, म्हणजे चिन्हांत मोडतात. ‘फक्त एल’ ठेवलं की सोऱ्याचा ‘सऱय’ होतो. पायथन या भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीतही, बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांशी तुटतं आणि तोच शब्द तीन सुट्या अक्षरांत मिळतो. म्हणून एल आणि एम दोन्ही ठेवायचे, त्यांत अंक मिळवायचे.

आमचा फिल्टर एल आणि एम दोन्ही ठेवत होता. लिहिणाऱ्याने विचार केला होता. तरी एक गोष्ट सुटली. तो न दिसणारा जोडक ना अक्षर आहे, ना चिन्ह. तो सीएफ या वर्गात, म्हणजे मजकुराची मांडणी सांगणाऱ्या वर्णांत मोडतो. फिल्टर त्याला मुकाट्याने काढून टाकत होता. डेटाबेसमध्ये शीर्षक जोडकासकट होतं आणि प्रश्न जोडकाशिवाय जात होता. जुळणार कसं?

आणखी एक ठिकाण तपासा, लांबीची मर्यादा. ती वर्णांत मोजली आहे की बाइट्समध्ये? यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट्स घेतो. ‘चकलीचा सोऱ्या’ म्हणजे बारा वर्ण आणि एक जागा, एकूण ३७ बाइट्स. मर्यादा ३२ बाइट्सची असेल तर ‘चकलीचा सोऱ्’ एवढंच उरतं आणि त्यापुढे अर्धवट तुटलेला एक बाइट. माणसाला तेरा खुणांचा प्रश्न छोटा वाटतो, मर्यादेला वाटत नाही.

उपाय: एकच काम, दोन्ही बाजूंना

या सगळ्यातून मी एक गोष्ट धरली आणि तिच्यावर मी ठाम आहे. मजकूर स्वच्छ करणारं काम एकाच जागी लिहायचं, आणि तेच वस्तू साठवताना आणि प्रश्न विचारताना दोन्हीकडे चालवायचं. प्रश्नाच्या बाजूला एक गाळणी आणि साठवणीच्या बाजूला दुसरी, असं असेल तर दोन्ही कितीही चांगल्या असल्या तरी आज ना उद्या त्या जुळेनाशा होतात.

साठवलेलं शीर्षक मात्र बदलायचं नाही. ते ग्राहकाला दिसतं, आणि काकांनी जसं लिहिलं तसंच दिसायला हवं. शेजारी एक वेगळा रकाना करायचा, त्यात स्वच्छ केलेलं रूप ठेवायचं आणि सर्च फक्त त्या रकान्यात करायचा. मी त्याला ‘काटेकोर रूप’ म्हणते. त्यात फक्त तीच लेखनं एक होतात जी मराठी वाचणारा डोळे मिटून एकच म्हणेल.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे, म्हणून तेवढा ओळीने देते:

पहिल्यांदा एनएफसी, म्हणजे सुटे तुकडे ठरावीक रूपात जोडणारी युनिकोडची पद्धत. यात र अधिक नुक्ता यांचा ऱ होतो.
मग ‘र, हलन्त, जोडक’ दिसलं की त्याचं ‘ऱ, हलन्त’.
त्यानंतरच उरलेले जोडक (२००डी) आणि विभाजक (२००सी) काढायचे.
मग ॲ, ऑ आणि चंद्रावरचे अनुस्वार सारखे करायचे, त्याबद्दल खाली.
मग देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक किंवा उलट, काहीही एक.
शेवटी नको ती चिन्हं काढायची आणि सलग मोकळ्या जागांची एक जागा करायची.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटी झाली तर सगळं फुकट. जोडक आधी गेला की ‘सोर्‍या’चा ‘सोर्या’ होतो आणि मागे वळायला रस्ता उरत नाही. आमचं नेमकं हेच झालं होतं. गाळणारी पायरी सगळ्यांत आधी बसली होती.

विभाजक काढायला घाबरू नका. ‘षट्‌कोनी डबा’ किंवा ‘वाङ्‌मय’ यांत तो ट किंवा ङ सुटा दाखवण्यासाठी लोक घालतात. तो दिसण्यापुरता असतो, शब्द तोच राहतो. अंकांच्या बाबतीत एक गैरसमज मात्र दूर करते. एनएफसीच काय, तिची जास्त सैल बहीण एनएफकेसीसुद्धा देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच यांना एक करत नाही. ती जोडी स्वतः लावावी लागते, नाहीतर ‘५ लिटर कुकर’ निम्म्या ग्राहकांना सापडतो आणि उरलेल्यांना नाही.

एनएफसीसाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ती सोय २०१५ च्या आवृत्तीपासून आहे, युनिकोडचे वर्ग रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये वापरण्याची सोय २०१८ पासून. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून खुद्द डेटाबेसमध्येच ते करता येतं.

ॲल्युमिनियम आणि हँडल

एनएफसी लावलं की सगळं झालं, असं मला दोन दिवस वाटत होतं. मग ‘ॲल्युमिनियम’ समोर आलं.

ॲ हा स्वतंत्र वर्ण, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. तोवर मराठी माणूस ‘अ’वर चंद्र ठेवून काम चालवत होता, कुणी ‘ऍ’ वापरत होता, आणि काही ठिकाणी अ आणि चंद्र यांच्यामध्ये जोडक टाकलेला असायचा. ही सगळी रूपं आजही वावरताहेत. आणि ॲ ला युनिकोडने ‘अ अधिक चंद्र’ अशी फोड दिलेली नाही, त्यामुळे एनएफसी त्यांना हात लावत नाही. ती नियमाने एक करावी लागतात: अ अधिक चंद्र, आणि ऍ, दोन्हींचा ॲ. जोडक आधीच्या पायरीत गेलेला असतो, म्हणून मधल्या जोडकाची वेगळी काळजी नको. तसंच ‘अ अधिक ॉ’ आणि ‘आ अधिक चंद्र’ यांचा ऑ. जुन्या छपाईत सावरकरांच्या लिपिसुधारणेची अ ची बाराखडी भेटते, ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी. तुमच्याकडे जुन्या पुस्तकांची यादी असेल तर तीही इथेच इ, उ, ए मध्ये वळवा. भांड्यांना तिची गरज पडली नाही.

कुकरच्या हँडलने मला जास्त वेळ खाल्ला. ‘हँडल’ मध्ये चंद्रबिंदू हा एकच वर्ण आहे. ‘हॅंडल’ मध्ये चंद्र आणि अनुस्वार असे दोन. स्टँड-स्टॅंड, बँक-बॅंक, सगळीकडे हीच जोडी. मी दोन्हींचा चंद्रबिंदू केला. साधा अनुस्वार करणं सोपं होतं, तयार फिल्टर तेच करतात, पण मग ‘हँडल’चं ‘हंडल’ होतं. आणि आमच्याकडे हंडे विकले जातात. ग्राहकाने ‘हंड’ एवढं लिहिलं की सूचनांच्या यादीत तांब्याच्या हंड्यांबरोबर कुकरची हँडलं यायला लागली. नियम कागदावर बरोबर असतो आणि दुकानात चुकतो, तो असा.

तयार हिंदी विश्लेषक लावू नका

इलॅस्टिकसर्च या शोधाच्या तयार प्रणालीत हिंदीसाठी तयार विश्लेषक, म्हणजे शोधाआधी शब्द सारखे करणारं साधन, आहे, बंगालीसाठी आहे, मराठीसाठी नाही. लिपी एकच म्हणून हिंदीचा लावावा असं कुणालाही वाटेल. मीही लावून पाहिला.

त्यातला हिंदी नॉर्मलायझर, म्हणजे लेखनं सारखी करणारा भाग, ऱ चा र करतो, जोडक काढतो, आणि हलन्तही काढून टाकतो. त्यामुळे चारही सोऱ्यांचं एकच ‘सोरया’ होतं आणि पहिल्या झटक्यात वाटतं की काम झालं. पण तोच चंद्राची मात्रा करतो, म्हणजे ‘कॅन’ आणि ‘केन’ एक. आणि त्यापुढचा स्टेमर, म्हणजे शब्दाचं मूळ काढणारा भाग, शब्दाच्या शेवटचा स्वर छाटतो. हिंदीत ते पुष्कळदा चालून जातं. आमच्या दुकानात पाट, पाटा आणि पाटी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पाटावर जेवायला बसतात, पाट्यावर वाटण वाटतात, पाटीत भाजी नाहीतर माती भरतात. स्टेमरने तिन्हींचं ‘पाट’ केलं. पाटा-वरवंटा शोधणाऱ्या बाईंना सागवानी पाट दाखवणं ही मदत नाही.

हिंदी नॉर्मलायझर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो हिंदीसाठी विचारपूर्वक केलेला आहे. पण मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळे. जो फरक आपल्या भाषेत अर्थ बदलतो, तो फरक न मानणाऱ्या साधनावर सगळं सोपवणं मला पटत नाही.

सैल रूप: किती सैल?

आता उरला चौथा सोऱ्या, रफारवाला. आणि त्याच्याबरोबर ‘गाळनी’, ‘पितळि’, ‘किसनी’, ‘पळि’ लिहिणारे सगळे. लोक मोबाइलवर, उभ्याउभ्या, एका हाताने लिहितात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही.

म्हणून दुसरा रकाना, सैल रूपाचा. काटेकोर रूपावरच आणखी काही नियम लावायचे: ऱ चा र, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व, ण चा न, ळ चा ल, ष चा श. बोलीतलं शेवटचं अनुस्वारित अक्षर एकारान्त, म्हणजे ‘पातेलं’चं ‘पातेले’ आणि ‘लाटणं’चं ‘लाटणे’. शब्दाच्या मधल्या अनुस्वाराला हात लावायचा नाही. कुंडी, पिंप, हंडा यांतला अनुस्वार काढला तर शब्दच उरत नाही, आणि तो विसरून लिहिणारे आमच्या नोंदींत मला जवळपास दिसलेच नाहीत.

ळ चा ल करताना मला जिवावर आलं होतं, कबूल करते. मूळ आणि मूल, काळ आणि काल, असे कितीतरी शब्द त्याने एक होतात. पण मी आमच्या वस्तूंची सगळी यादी त्या नियमातून काढून पाहिली, आणि दोन वेगळ्या वस्तू एक झाल्याचं एकही उदाहरण निघालं नाही. म्हणून ठेवला. तुमच्या यादीत निघालं तर ठेवू नका. हा निर्णय व्याकरणाच्या पुस्तकातून घेता येत नाही, तो आपल्या मालाकडे बघूनच घ्यावा लागतो.

सैल रूप पहिल्या नंबरावर कधीच नको. आधी काटेकोर रूपात शोधायचं, तिथले निकाल वर. ते अगदीच कमी असतील तरच सैल रूपातले खाली जोडायचे. हे न करता दोन्ही एकत्र केले तेव्हा ‘सुऱ्या’ शोधल्यावर भिंतीवर लावायचे तांब्याच्या सूर्याचे मुखवटे यायला लागले, कारण सैल रूपात ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ एकच होतात.

टाइप करता करता दिसणाऱ्या सूचनांसाठी मात्र सैल रूपच वापरा, आणि शेवटी हलन्त असेल तर तो काढा. नाहीतर माणूस ‘सोर्’ पर्यंत आला की सूचना गायब होतात आणि य लिहिला की परत येतात. ही लुकलुक पाहून लोकांना वाटतं की वस्तू नाहीच, आणि ते तिथेच थांबतात.

प्रत्ययांचा प्रश्न आणि तांब्या

‘सुरी’ लिहिलं तर ‘सुऱ्या’ सापडायला हव्यात, ‘वाटी’ लिहिलं तर ‘वाट्या’. ‘ई’चं ‘या’ होतं असा नियम लिहून पाहिला. त्याने ‘तांब्या’ची ‘तांबी’ केली आणि ‘सोऱ्या’ची ‘सोरी’. ‘चा-ची-चे-च्या’ काढायचा नियम लिहिला, तर ‘तांब्याची कळशी’ मधून ‘तांब्या’ निघाला. मग कुणी नुसतं ‘तांब्या’ शोधलं, पाणी प्यायचा तांब्या, तर दुकानातली तांब्याची प्रत्येक वस्तू समोर. तांबट आळीतला मठारकाम केलेला सगळा माल, घंगाळापासून पंचपाळ्यापर्यंत.

शेवटी सामान्यरूपासाठी नियम लिहायचा नाद सोडला आणि हाताने यादी केली. धातूंची नावं त्यांच्या सगळ्या रूपांसह अपवाद म्हणून आधी: तांब्याचा, तांब्याची, तांब्याचं, तांब्याच्या, या सगळ्यांचं तांबे. मग वस्तूंची अनेकवचनं. मग एकाच वस्तूची वेगवेगळी नावं, आणि ही मला एकटीला कधीच जमली नसती. काकू दुकानात बसतात, त्यांनी दोन दुपारी बसून सांगितली. सोऱ्याला कुणी साचा म्हणतं, कुणी चकलीचं यंत्र. उलथण्याला कालथा. सांडशीला पकड. आणि ‘भांडं’ म्हणजे पुष्कळ पुणेकर घरांत पाणी प्यायचं फुलपात्र. “नुसतं भांडं मागितलं की मी आधी फुलपात्रंच पुढे करते,” असं काकू म्हणाल्या, आणि सर्चमध्येही आता तसंच होतं.

लहान शब्द

एक गोष्ट सगळ्यांत शेवटी लक्षात आली, ती आधी तपासली असती तर बरं झालं असतं. डेटाबेसच्या पूर्ण-मजकूर शोधाला शब्दाची किमान लांबी असते. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-प्रकारात ती मुळात ३ आहे, जुन्या मायआयसॅममध्ये ४. ‘तवा’, ‘पळी’, ‘सूप’, ‘गडू’ हे तीन वर्णांचे शब्द, म्हणजे मायआयसॅममध्ये ते कधीच सापडणार नाहीत. ‘खल’ दोन वर्णांचा, तो इनोडीबीमध्येही नाही. ही मर्यादा २ वर आणा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि त्या तक्त्याचा इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, नव्याने बांधा. नुसती मर्यादा बदलून जुना इंडेक्स तसाच ठेवला तर काहीच फरक पडत नाही.

स्वच्छ करणाऱ्या कामात एखादा नियम बदललात तरी हेच: दोन्ही रकाने सगळ्या वस्तूंसाठी पुन्हा भरा. नाहीतर नवा माल नव्या नियमाने आणि जुना जुन्या नियमाने, आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

पुन्हा उलटू नये म्हणून

मी दोन याद्या करून ठेवल्या आहेत. एकीत एक व्हायलाच हव्यात अशा जोड्या: चारही सोऱ्या, चारही ॲल्युमिनियम, हँडल-हॅंडल, दोन्ही अंकांतला पाच लिटर, पातेलं-पातेले. दुसरीत कधीही एक होऊ नयेत अशा: पाट-पाटा-पाटी, तांबे-तांब्या, हंडा-हँडल, आणि काटेकोर रूपात सुऱ्या-सूर्या. कुठलाही नियम बदलला की आधी या दोन्ही याद्या चालवते. दुसरी यादी पहिलीइतकीच मोठी ठेवा, कारण सैल करण्याचा मोह सतत होत असतो.

याद्यांमध्ये न दिसणारे वर्ण असतील तिथे शेजारी क्रमांक लिहून ठेवा. काही संपादक फाइल जतन करताना जोडक खातात, आणि मग चाचणी यशस्वी होते ती चार वेगळ्या नव्हे, तर एकाच सोऱ्यावर.

आणि रिकामे निकाल आलेले शब्द नोंदवा. कोण शोधतंय हे नको, फक्त शब्द आणि त्याचे क्रमांक. मी दर सोमवारी सकाळी ती नोंद उघडते. गेल्या आठवड्यात तिथे ‘पुरणयंत्र’ सुटं लिहिलेलं होतं, ‘पुरण यंत्र’. एका मोकळ्या जागेमुळे वस्तू सापडली नव्हती. रोमन लिपीत लिहिलेले मराठी शब्दही बरेच येतात, त्यांना हे सगळं लागू पडत नाही. त्यांच्यासाठी लिप्यंतराचं वेगळं काम मी नुकतंच हातात घेतलं आहे.

या वर्षी नवरात्र संपल्यावर काकांचा फोन आला. सोऱ्याबद्दल नव्हता. एका ग्राहकाने ‘शेवेच्या बारीक जाळीची चकती’ शोधली होती, ती सोऱ्याबरोबर येते, पण सुटी विकायला आपण ठेवतो का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, काका, ते तुम्ही काकूंना विचारा.